स्वस्तातला डेस्कटॉप घेण्याजोगा आहे का, हे कसे ठरवावे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत फिरताना, आणि हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातींतही, एक ओळ हमखास दिसते : ‘आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, माउससह पूर्ण सेट’, आणि त्याखाली मोह पडेल अशी किंमत. ही ओळ बहुधा खोटी नसते, पण ज्या माहितीवर खरेदीचा निर्णय व्हायला हवा नेमकी तीच तिच्यात नसते. आय५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या एका गटाचे नाव आहे : २०११ सालचा आय५-२४०० हाही आय५ आहे, २०१८ सालचा आय५-८५०० हाही आय५ आहे आणि २०२२ सालचा आय५-१२४०० हाही आय५च आहे. या तिघांत वेगाचा फरक मोठा आहेच, पण त्याहून महत्त्वाचा फरक असा की पहिल्या यंत्राचे उपयुक्त आयुष्य जवळपास संपले आहे, दुसऱ्याचे काही वर्षे उरले आहे आणि तिसऱ्याचे बरेच शिल्लक आहे.

माझ्या एका मावसभावाने मुलीच्या अकरावीच्या अभ्यासासाठी असाच एक ‘आय५’ सेट घेतला होता. यंत्र दिसायला नवे होते, कॅबिनेटवर चकचकीत काच होती आणि आत विंडोज ११ चालू होते. पुढे लक्षात आले की प्रोसेसर तिसऱ्या जनरेशनचा, म्हणजे २०१२ च्या सुमारचा होता, आणि विक्रेत्याने पात्रतेची तपासणी टाळून विंडोज ११ त्यावर बसवले होते. त्यामुळे वर्षाला येणारी मोठी आवृत्ती त्या यंत्रावर आपोआप आलीच नाही. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण मुलीचा अभ्यास त्यावर झाला. पण त्याच पैशांत थोडी भर घालून चार-पाच वर्षे टिकणारे यंत्र मिळाले असते. त्या अनुभवानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांबरोबर खरेदीला जाताना मी जो क्रम पाळतो, तो येथे मांडत आहे.

आधी काम लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी, त्या यंत्रावर पुढील तीन वर्षांत कोणती कामे होणार आहेत हे कागदावर लिहावे. ऑनलाइन अर्ज, ईमेल, वर्ड-एक्सेल, व्हिडिओ तास, छोट्या दुकानाचे टॅलीचे हिशेब एवढेच असेल तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे एकक) बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरली जाणारी वेगवान डिस्क) पुरेशी होते. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, अहवाल करणाऱ्यांनी, तसेच प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी १६ जीबी रॅम धरूनच हिशेब करावा. मोबाइल अ‍ॅप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (पडद्यावर चालणारा आभासी फोन) त्याखाली सुखाने चालत नाहीत. व्हिडिओ संपादन आणि नवे गेम हे मात्र वेगळ्या अंदाजपत्रकाचे काम आहे. त्यासाठी तुटपुंज्या पैशांत ‘४ जीबी ग्राफिक कार्डसह’ असे यंत्र कोणी देत असेल तर कार्डाचे नाव आवर्जून विचारावे, कारण अशा सेटमध्ये अनेकदा जीटी ७१० किंवा जीटी ७३० असते, आणि एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्सही त्यांच्यापेक्षा सरस आहे.

याच कागदावर घरातील किंवा दुकानातील जुन्या वस्तूही लिहाव्यात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. त्यामुळे ज्या जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर केवळ ३२ बिटचे आहेत तो नव्या यंत्रावर चालणार नाही, आणि डॉसच्या काळातील फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रामही थेट उघडणार नाही. किराणा दुकाने आणि लहान पतसंस्था यांच्याकडे अशा गोष्टी अजून वापरात असतात. यंत्र स्वस्त मिळाले आणि त्यापायी प्रिंटर नवा घ्यावा लागला, तर तो खर्च यंत्राच्याच किमतीत धरला पाहिजे.

प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

इंटेलच्या कोअर मालिकेत आय३, आय५, आय७ यांच्यापुढे जो आकडा असतो तो जनरेशन सांगतो. चार आकडी क्रमांक असेल तर पहिला अंक आणि पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक पाहावेत. आय५-६५०० म्हणजे सहावी, आय३-८१०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी आणि आय३-१२१०० म्हणजे बारावी जनरेशन. क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. ‘टी’ असेल तर तो कमी वीज घेणारा आणि त्यामुळे थोडा संथ प्रकार असतो. एएमडीच्या रायझनमध्ये शेवटचा ‘जी’ हा अंगभूत ग्राफिक्सचा आहे, आणि स्वस्त यंत्रासाठी तोच पाहावा.

जनरेशनला एवढे महत्त्व देण्याचे कारण विंडोज आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) तर लागतेच, शिवाय काही मोजके अपवाद वगळता इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचीच चालते. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून यादी सुरू होते, पण बाजारात पुष्कळ दिसणारे २२००जी आणि २४००जी हे दोन प्रोसेसर त्या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विक्रेता ‘विंडोज ११ चालते, दाखवतो’ असे म्हणेल आणि ते चालतही असेल. पण ते अधिकृतपणे पात्र आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्याला त्याचेच उत्तर हवे आहे. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा दुकानाचा जीएसटीचा भरणा होणार आहे, त्यावर सुरक्षा अद्यतनांची खात्री नसणे मला अजिबात मान्य नाही.

‘आय७ आहे’ या शब्दाने भारावून जाण्याचेही कारण नाही. पासमार्क या सर्वांना खुल्या असलेल्या तुलनायादीत आय३-१२१०० चे गुण आय५-२४०० च्या तिपटीहून अधिक आहेत. इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला, लहानशा मिनी पीसीत बसणारा आणि अवघ्या ६ वॉटसाठी आखलेला प्रोसेसर आहे. तोही ९५ वॉटच्या आय५-२४०० च्या पुढे जातो आणि ६५ वॉटच्या आय५-६५०० च्या आसपास पोहोचतो. म्हणून नाव बाजूला ठेवून पूर्ण क्रमांक मोबाइलवर त्या यादीत टाकावा आणि दोन पर्यायांचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. दुकानातच दोन मिनिटांत होणारे हे काम आहे.

जे बदलता येत नाही, त्याचा विचार आधी

रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड-माउस तर किरकोळच आहेत. मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) आणि त्यावर बसणारी प्रोसेसरची पिढी मात्र बदलायची म्हटली की जवळजवळ नवे यंत्रच घ्यावे लागते. म्हणून या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

जोडणी करून मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत मदरबोर्ड ‘नवा’ असतो, त्यावर वर्षभराची वॉरंटीही असते. पण त्याचा चिपसेट (कोणते प्रोसेसर चालतील हे ठरवणारी बोर्डवरची चिप) एच६१ असेल तर ती मूळ २०११ ची रचना आहे. असे बोर्ड आजही कोऱ्या खोक्यात मिळतात आणि त्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे जुने प्रोसेसर बसवले जातात. एच८१ हा चौथ्या जनरेशनचा आणि एच११० हा सहाव्या-सातव्या जनरेशनचा. विंडोज ११ च्या दृष्टीने सुरुवात एच३१० पासून होते; बाराव्या जनरेशनसाठी एच६१० पाहावा. रॅमचा प्रकारही यातूनच कळतो : डीडीआर३ ऐकू आले की बोर्ड जुना आहे हे जवळपास निश्चित समजावे.

दुसरा पर्याय म्हणजे कंपन्यांतून परत आलेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर ही यंत्रे. कार्यालये ती तीन ते पाच वर्षांनी बदलतात आणि मग ती रिफर्बिश्ड, म्हणजे साफ-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, म्हणून बाजारात येतात. माझे प्रामाणिक मत असे की आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचे असे यंत्र हे अनोळखी बोर्ड आणि भरमसाट वॉटचा आकडा छापलेल्या एसएमपीएसच्या (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) नव्या सेटपेक्षा चांगले असते, कारण त्याची बांधणी दिवसभर चालण्यासाठी केलेली असते. त्यांची मर्यादा मात्र आधीच समजून घ्यावी. यांतील बऱ्याच मॉडेलांचा एसएमपीएस आणि त्याचे बोर्डला जोडणारे कनेक्टर कंपनीच्या स्वतःच्या घडणीचे असतात, त्यामुळे तो बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला सामान्य एसएमपीएस त्यात बसत नाही. आडव्या बारीक कॅबिनेटमध्ये कमी उंचीचेच ग्राफिक कार्ड मावते. पुस्तकाएवढ्या ‘मायक्रो’ मॉडेलना बाहेरचा अडॅप्टर आणि लॅपटॉपची रॅम लागते. डेलच्या यंत्राने अडॅप्टर ओळखला नाही तर ते प्रोसेसरचा वेग खाली आणते, म्हणून मूळ अडॅप्टर सोबत आहे का हे पाहावे.

जोडणीच्या यंत्रात एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला आहे की वेगळा घेतलेला आहे, हे विचारावे. ‘४५० वॉट’ असे छापलेले असणे हा पुरावा नाही. ८० प्लसचे (वीज कमी वाया जाते याचे) प्रमाणपत्र असलेला नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस थोडा महाग पडतो, पण आपल्याकडे विजेचा दाब जसा खालीवर होतो आणि वीज जशी अवचित जाते, ते पाहता येथे केलेली काटकसर अखेर बोर्ड आणि डिस्कवर निघते.

रॅम आणि डिस्क

८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या अंगभूत ग्राफिक्सला अधिक वेग देतात, पण बोर्डवर दोनच खाचा असतील तर पुढे वाढवण्यासाठी एक मोकळी असलेली बरी. ही निवड कामानुसार करावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे ‘रॅम नंतर वाढवू’ हा पूर्वीचा सोपा सल्ला आता जपून द्यावा लागतो. आज १६ जीबीसह मिळणारे जुने यंत्र वरवर महाग वाटले तरी वेगळ्या घेतलेल्या रॅमचा भाव मिळवून पाहावा.

केवळ हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालणारे यंत्र घेऊ नये, किंवा घेतलेच तर एसएसडीचा खर्च त्याच दिवशी किमतीत मिळवावा. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, सॅटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी सुमारे ५५० पर्यंत जाते. एनव्हीएमई (नव्या पद्धतीच्या जोडणीची एसएसडी) त्याहून कितीतरी वेगवान आहे, पण साध्या कामात सॅटा आणि एनव्हीएमई यांतला फरक फारसा जाणवत नाही. १२८ जीबी अपुरी पडते. २५६ जीबी ही किमान मर्यादा समजावी.

दुकानातली तपासणी

येथे घाई करू नये. किमान पाऊण तास हाताशी ठेवून, शक्यतो सकाळी दुकानात गर्दी नसताना जावे, आणि सीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो व एचडब्ल्यूइन्फो ही अनुक्रमे प्रोसेसर, डिस्क आणि तापमान यांची माहिती देणारी तीन मोफत साधने पेनड्राइव्हवर घेऊन जावे. ज्या विक्रेत्याचा माल चांगला असतो तो या तपासणीला हरकत घेत नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

यंत्र आधीच चालू करून ठेवलेले असेल तर ते बंद करून थंड होऊ द्यावे, कारण बरेच दोष थंड यंत्र चालू होतानाच दिसतात. दरम्यान बाजूचे झाकण उघडायला सांगावे. बोर्डवरच्या उभ्या गोल कपॅसिटरांची डोकी सपाट असावीत. फुगलेली किंवा डाग पडलेली दिसली तर तेथेच थांबावे. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा थर असणे हा दोष नाही, पण यंत्र खरोखर ‘रिफर्बिश’ केले आहे की नुसते पुसले आहे, हे त्यावरून समजते.

चालू करताच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये, जावे. डेलला एफ२, एचपीला एफ१० आणि लेनोवोला बहुधा एफ१ ही कळ असते. पासवर्ड विचारला गेला आणि तो विक्रेत्याला काढता येत नसेल, तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. घड्याळ चुकीचे असेल तर सीआर२०३२ सेल संपला आहे, ती किरकोळ बाब आहे. तेथेच टीपीएम चालू आहे का ते पाहावे, आणि मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग किंवा अनुक्रमांक टिपून कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा. बहुतेक वेळा मूळ मॉडेल आणि वॉरंटी कधी संपली ते त्यातून कळते आणि यंत्राचे वय लपून राहत नाही.

विंडोजमध्ये गेल्यावर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून ‘tpm.msc’ असे लिहून उघडावे आणि आवृत्ती २.० आहे ना ते वाचावे. त्यानंतर सेटिंग्जमधील सिस्टिम या भागात अ‍ॅक्टिव्हेशन पाहावे. संस्थांसाठीच्या व्हॉल्यूम परवान्यावर १८० दिवसांची मुदत घालून सक्रिय केलेली विंडोज घरगुती ग्राहकाच्या कामाची नाही, आणि ‘लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेटेड’ हे तोंडी आश्वासन बिलावर येत नसेल तर त्याला किंमत देऊ नये. शक्य असल्यास विंडोज रीसेट करून पहिली मांडणी समोर करून घ्यावी. त्या वेळी एखाद्या कंपनीचे नाव दाखवून तिच्या खात्याने प्रवेश करा असा पडदा आला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेले नाही आणि ते घेऊ नये.

आता डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘गुड’ हा शब्द वाचून थांबू नये, वापराचे एकूण तासही वाचावेत. रोज आठ तास आणि वर्षाला २५० दिवस चाललेली डिस्क वर्षाला २,००० तास भरते, तर अखंड चालू असलेली डिस्क ८,७६० तास भरते. त्यामुळे पाच वर्षांच्या कार्यालयीन यंत्राच्या डिस्कवर १०,००० तास दिसणे स्वाभाविक आहे, ४०,००० दिसणे नाही. एसएसडीवर आजवर एकूण किती लिहिले गेले तेही तेथे दिसते; २५० जीबीच्या चांगल्या सॅटा एसएसडीची लेखनमर्यादा साधारण १५० टेराबाइट असते, तिच्याशी तुलना करावी. एसएसडीचे मॉडेल अगदीच अनोळखी असेल तर ती बदलावी लागेल असे धरून भाव करावा.

शेवटी ताण द्यावा. सीपीयू-झेडमधील ‘स्ट्रेस सीपीयू’ हे बटण दाबून पंधरा मिनिटे यंत्र चालू ठेवावे आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहावे. ८०-८५ अंशांपर्यंत ठीक आहे. १०० च्या जवळ जाऊन प्रोसेसरचा वेग पडू लागला तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे किंवा पंखा गेला आहे, आणि दोन्ही विक्रेत्याने दुरुस्त करून द्यावेत. तेवढ्या वेळात यूएसबीच्या प्रत्येक खाचेत पेनड्राइव्ह लावून पाहावा, हेडफोन आणि नेटवर्कची केबल लावावी. कार्यालयीन यंत्रांना मॉनिटर जोडण्यासाठी अनेकदा एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असतो आणि वायफाय नसतेच. कन्व्हर्टर आणि वायफायचा डोंगल यांचा खर्च लिहून ठेवावा. सेटबरोबरचा मॉनिटर १८.५ इंची आणि १३६६ बाय ७६८ चा असेल, तर एक्सेल आणि वाचन यांसाठी तो अपुरा वाटेल; १९२० बाय १०८० चा मॉनिटर वेगळा घेणे मला योग्य वाटते, कारण यंत्र बदलले तरी मॉनिटर राहतो.

भाव योग्य आहे का, याचा हिशेब

दुकानातली किंमत नव्हे, तर यंत्र आपल्या कामाच्या स्थितीत येईपर्यंतचा सगळा खर्च भागिले ते किती वर्षे चालेल, हा आकडा काढावा. पुढील रकमा केवळ पद्धत समजावण्यासाठी धरल्या आहेत. समजा, आय५-६५०० चे जुने यंत्र ९,००० ला आहे आणि एसएसडी, वायफाय वगैरे मिळून ते १२,००० ला पडते. विंडोजवर ते फार तर वर्षभर सुरक्षित मानता येईल, म्हणजे वर्षाला १२,०००. आय५-८५०० चे यंत्र १५,००० ला आहे, वरखर्चासह १६,५००, आणि तीन वर्षे धरली तर वर्षाला ५,५००. नवे आय३-१२१०० चे यंत्र ३०,००० ला जोडून घेतले आणि सहा वर्षे चालले तर वर्षाला ५,०००, शिवाय भागांवर वॉरंटी. सर्वांत स्वस्त पाटीचे यंत्र या हिशेबात सर्वांत महाग ठरले.

विजेचाही हिशेब करावा. सरासरी ६० वॉट घेणारे यंत्र रोज आठ तास, वर्षातून ३०० दिवस चालले तर १४४ युनिट लागतात. १५ वॉटच्या मिनी पीसीला ३६. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला हजाराहून थोडा अधिक फरक पडतो, आणि दिवसभर चालणाऱ्या सेवा केंद्रात तो याहून मोठा असतो.

एका परिस्थितीत मात्र हे चित्र बदलते. आय५-६५०० वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून वापरायची तयारी असेल, तर तेच १२,००० चे यंत्र तीन वर्षांवर विभागून वर्षाला ४,००० पडते. ब्राउझर, लिबरऑफिस, व्हिडिओ तास आणि इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन हे सर्व त्यावर उत्तम होते. शाळेतील मुलांसाठी मी हा पर्याय मनापासून सुचवतो. टॅली आणि फोटोशॉप विंडोजसाठी बनलेली असल्याने व्यावसायिकांना मात्र तो उपयोगाचा नाही.

बिल, आणि पहिले काही दिवस

संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. सांगितलेली किंमत त्यासह आहे का, हे भाव ठरवण्यापूर्वी विचारावे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे ऐकून पक्के बिल सोडू नये, कारण बिलाशिवाय वॉरंटीचा आग्रह धरता येत नाही आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, डिस्कचे मॉडेल आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. नुसते ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ असे लिहिलेले बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की ‘ट्रे’चा (खोक्याविना सुटा आलेला), तेही विचारावे, कारण ट्रेच्या प्रोसेसरची जबाबदारी कंपनी थेट घेत नाही, ती विक्रेत्यावर राहते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी दुरुस्तीला माणूस घरी येणार की यंत्र शहरात न्यावे लागणार, हेही लिहून घ्यावे.

जुन्या यंत्रावर बहुधा काही दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ मिळते. यंत्र घरी आणताच क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पडद्याचे छायाचित्र काढावे आणि मग त्या मुदतीत यंत्र मुद्दाम जास्त वापरावे : मोठ्या फायली नेआण कराव्यात, दोन-तीन तास सलग व्हिडिओ चालवावा, रोज सकाळी ते थंड स्थितीतून चालू करावे. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी तोच पडदा पुन्हा उघडून आकडे छायाचित्राशी ताडून पाहावेत. खराब झालेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या साठवणीच्या तुकड्यांचा) आकडा एकानेही वाढलेला दिसला तर बिल आणि छायाचित्र घेऊन त्याच दिवशी दुकान गाठावे.